कडेचे धागे

रफूवालीचं काम कोणाला कधी दिसलं नाही, आणि दिसलं नाही म्हणूनच तिचं नाव झालं. गाणाऱ्याचं गाणं ऐकू येतं, सुताराने केलेल्या टेबलावरून हात फिरवता येतो. हिच्या कामावर मात्र बोट ठेवायलाही जागा नसायची. गिऱ्हाईक कोट घेऊन यायचं आणि बाहीवरचं जळकं भोक दाखवायचं. आठवड्याने न्यायला आलं की कोट उजेडात धरून उलटसुलट करायचं आणि शेवटी विचारायचं, "भोक होतं कुठे हो?" रफूवाली गालातल्या गालात हसायची आणि सांगायची नाही.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत तिची जागा होती. पुढच्या बाजूला इस्त्रीची वाफ, कपड्यांचे गठ्ठे आणि लाँड्रीवाल्याची बडबड. मागे मात्र एक खिडकी, एक टेबल, एक भिंग आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात बारीक सुया. बावीस वर्षं ती त्याच खुर्चीवर बसत होती. खुर्चीची गादी दोनदा बदलली, ती बदलली नाही.

काम हातात आलं की पहिली पंधरा मिनिटं ती सुईला शिवायचीसुद्धा नाही. कपडा उलटा करायची, भिंग लावायची आणि भोकाच्या चारी बाजूंचे धागे मोजत बसायची. कुठला वरून जातो, कुठला खालून, किती सोडून परत वर येतो. जळक्या कडा ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. मग त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून, चार धागे काढून घ्यायची. बाजारातला धागा ती वापरत नसे. रंग कितीही जुळला तरी तो परका, दोन धुण्यांत उघडा पडतो, असं तिचं म्हणणं होतं.

असाच एक कोट एका बाईंनी आणला होता. या बाई शहरातलं शिवणकाम शिकवणारं केंद्र चालवत. कोट त्यांच्या वडिलांचा होता. आठवड्याने तो घ्यायला आल्या, खिडकीशी उभ्या राहून दहा मिनिटं भोक शोधत बसल्या आणि हात टेकले.

"आमच्याकडे शिकवायला याल का?" त्यांनी विचारलं. "पोरी शिवणं शिकतात, भरतकाम शिकतात, पण रफू शिकवणारं माणूस मिळत नाही. फक्त शाळान्त परीक्षेचं प्रमाणपत्र लागतं. तेवढं असेल ना?"

तेवढंच नव्हतं. रफूवालीची शाळा शेवटच्या वर्षाच्या आधीच सुटली होती. घरात धाकटी भावंडं होती आणि आई आजारी होती, एवढं कारण त्या काळी पुरे झालं. पण तिने त्याच आठवड्यात मोठ्या माणसांच्या अभ्यास केंद्रात नाव घातलं. गणित सुटलं, विज्ञान सुटलं, इतिहास तर पहिल्या फटक्यात सुटला. भाषा मात्र अडून बसली. पास व्हायला पस्तीस लागत. पहिल्यांदा एकतीस पडले, दुसऱ्यांदा तेहतीस. घोडं पेंड खायचं ते एकाच प्रश्नावर. वीस वाक्यं, प्रत्येकात एक रिकामी जागा, पुढे कंसात चार शब्द. त्यांतला योग्य तो निवडून भरा. वीस गुणांत तिला एकदा तीन मिळाले आणि एकदा चार.

आता तिसरी खेप होती आणि नियमाने शेवटचीच. यंदा भाषा राहिली असती तर सुटलेले विषयही पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागले असते. शिवण केंद्राच्या बाईंनी जागा निकालापर्यंत धरून ठेवली होती, त्यापुढे धरणं त्यांच्या हातात नव्हतं. आणि रफूवालीच्या डोळ्यांचा भरवसा तिला स्वतःलाच उरला नव्हता. सुईत दोरा ओवायला हल्ली तीन-तीन खेपा लागायच्या.

आणखी एक गोष्ट होती, ती तिने कोणालाच सांगितली नव्हती. जन्मभर लोक तिला मावशी म्हणत आले, काकू म्हणत आले, लाँड्रीवाला तर "अहो रफू" अशी हाक मारायचा. तिला एकदा कोणीतरी वर्गात उभं राहून "बाई" म्हणायला हवं होतं. शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. एवढ्याशा इच्छेची तिला लाज वाटायची, पण इच्छा काही जात नव्हती.

घरात शिकवायला माणूस होतं, हे तिचं भाग्य की भोग ते ठरवणं कठीण. नणंदबाई शेजारच्याच दारात राहत आणि शाळेत भाषा शिकवत. आवाज असा की मधल्या भिंतीचा काही उपयोग नव्हता. त्यांनी वहिनीचा प्रश्न ऐकला आणि पदर खोचला.

"शब्दसंग्रह कमी आहे वहिनी तुमचा. चारशे शब्द पाठ करायचे. दुसरा उपाय नाही."

दुसऱ्या दिवशी घरभर चिठ्ठ्या लागल्या. शब्द एका ओळीत, अर्थ दुसऱ्या ओळीत. पंख्याच्या बटणाखाली 'चंचल', दाराच्या कडीवर 'अभेद्य', मिठाच्या बरणीवर 'अपरिहार्य'. नणंदबाई नेहमी बसत त्या खुर्चीच्या पाठीवर 'मितभाषी' लागला, म्हणजे कमी बोलणारा. तो रफूवालीने स्वतः लावला होता, पण नणंदबाई पाठ टेकून बसत असल्यामुळे त्यांच्या लक्षात आला नाही. तिचा नवरा शहरातली बस चालवायचा. पहाटे दाढी करायला उभा राहिला तर आरशावर चिठ्ठी, 'विद्रूप'.

"अगं, हा शब्द लावायला घरात दुसरी जागा नव्हती?" त्याने विचारलं.

"ताईंनी लावलाय. मला काय विचारता?"

"लहानपणापासून तिचं माझ्याशी असंच आहे," म्हणत त्याने चिठ्ठी काढली आणि बहिणीच्या दारावर नेऊन चिकटवली.

महिनाभर घोकंपट्टी चालली. रफूवाली बसस्टॉपवर पुटपुटायची, भांडी घासताना पुटपुटायची. पण शब्द होते की फुटक्या मडक्यातलं पाणी. सकाळी भरावेत आणि दुपारी बघावं तर तळाला दोन. महिन्याने नणंदबाईंनी चाचणी घेतली. वीसपैकी तीन.

"हे काय आहे?" त्यांनी कागदावर बोट आपटलं. "'तो गावात सर्वांत श्रीमंत होता, पण इतका रिकामी जागा होता की लेकराला खाऊ द्यायलाही त्याचा हात पुढे होत नसे.' उदार, कृपण, विनम्र, निर्भय. आणि तुम्ही लिहिलंत विनम्र?"

"मला तो शब्द आवडला."

"आवडला?"

"ऐकायला भारी वाटतो."

नणंदबाईंनी डोळे मिटले. पंचवीस वर्षं त्यांनी वर्गात नाना तऱ्हेची उत्तरं ऐकली होती, पण आवडला म्हणून लिहिला हे पहिल्यांदाच. काही न बोलता त्या उठल्या आणि निघून गेल्या. त्या न बोलता गेल्या याचीच रफूवालीला जास्त भीती वाटली. त्या संध्याकाळी तिने शिवण केंद्राच्या बाईंना नकार कळवायचं जवळजवळ नक्की केलं. नवऱ्याने एवढंच म्हटलं, "कळवायला काय, परवाही कळवता येईल." तो फार बोलणारा नव्हता, पण तेवढ्यावर दोन दिवस निघाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी नणंदबाई लाँड्रीच्या मागच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. रागात होत्या, पण काखेत त्यांची लोकरी शाल होती. कसर लागून मधोमध बोटभर भोक पडलं होतं. अडलेल्या माणसाला राग आवरता घ्यावा लागतो. त्या मुकाट्याने स्टुलावर बसल्या. वहिनीला काम करताना त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

रफूवालीने शाल उलटी केली आणि भिंग लावलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. ती भोकापासून चांगली चार बोटं लांब काहीतरी न्याहाळत होती.

"वहिनी, भोक इथे आहे," नणंदबाईंना राहवेना. "तुम्ही तिकडे काय बघताय?"

"भोकात बघून काय मिळणार ताई? भोकात काहीच नसतं," रफूवाली मान वर न करता म्हणाली. "काय गेलंय ते कडेचे धागे सांगतात. हा बघा, हा इथे येऊन तुटलाय आणि पलीकडे तोच निघालाय. म्हणजे मधे तो वरून गेला असणार. हा दुसरा आडवा, तो खालून. आपल्या मनाने काही घालायचं नाही. रेशमाचा धागा कितीही सुरेख असला तरी घोंगडीत..."

आणि ती थांबली. सुई बोटात तशीच राहिली. तिने नणंदेकडे पाहिलं. नणंदबाई तिच्याकडेच पाहत होत्या, आणि दोघींपैकी कोणाच्या डोक्यात आधी उजेड पडला यावर त्या पुढे कित्येक वर्षं भांडत राहिल्या.

"ताई, तो परवाचा कागद आहे का तुमच्याकडे?"

तो पर्समध्येच होता. रफूवालीने शाल बाजूला केली, कागद टेबलावर पसरला आणि सुईचं टोक वाक्यावर ठेवून धागा मोजावा तसं वाचायला लागली.

"तो गावात सर्वांत श्रीमंत होता. हा एक धागा. मग 'पण'. म्हणजे इथे धागा उलटला, वरचा खाली गेला. श्रीमंताकडून जे वाटेल त्याच्या उलट काहीतरी पुढे आहे. पलीकडच्या कडेला काय आहे? लेकराला खाऊ द्यायला हात पुढे होत नाही. मग उदार नाही, उदाराचा हात पुढे होतो. निर्भय नाही, खाऊ द्यायला कोणी घाबरत नाही. विनम्र..." तिने सुस्कारा सोडला. "विनम्र सुरेख आहे, पण तो या कापडातला नाही. राहिला कृपण. याचा अर्थ मला अजून आठवत नाही ताई, पण माणूस चिक्कू आहे."

"कृपण म्हणजे चिक्कूच," नणंदबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच भिंतीपलीकडे गेला नाही.

त्या दुपारी शाल तशीच राहिली. लाँड्रीवाला दोनदा डोकावून गेला, त्याला वाटलं काही घरगुती वाद चाललाय. दोघी वाक्यामागून वाक्य भिंगाखाली घेत होत्या. 'म्हणून' आलं की धागा सरळ पुढे जातो. 'तरीसुद्धा' आलं की उलटतो. 'म्हणजेच' आलं की अर्थ शेजारीच सांडलेला असतो, फक्त उचलायचा. वीसपैकी सतरा आले. नणंदबाईंनी घरी जाऊन सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. 'मितभाषी' काढताना त्या खुर्चीपाशी क्षणभर थांबल्या, पण विचारलं काही नाही.

परीक्षेच्या आधी अभ्यास केंद्रात सराव परीक्षा झाली. रफूवाली खुशीत घरी आली. चार दिवसांनी पेपर हातात पडला. निबंधाला गुण होते, उताऱ्याला होते, आणि त्या प्रश्नापुढे लाल शाईत भलंमोठं शून्य. खाली तपासणाऱ्या सरांनी लिहिलं होतं, 'प्रश्न सोडवलेला नाही.'

नणंदबाई पेपर घेऊन तरातरा अभ्यास केंद्रात गेल्या, मागून रफूवाली. सर हैराण होते.

"अहो, मी परवा झेरॉक्सवाल्याशी भांडून आलो. एवढ्या पेपरांत एकाच कागदावर उत्तरं छापून आली कशी, म्हणून. तो शपथा घ्यायला लागला की माझ्या मशीनने असं कधी केलेलं नाही. छापील उत्तरांना मी गुण कसे देणार?"

नणंदबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. वाक्यं सलग होती. रिकाम्या जागेची आडवी रेघच कुठे नव्हती. अक्षर छापील, ठसा छापील, काळा रंग तोच, दोन शब्दांतलं अंतरही तेच.

"वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "रेघा कुठे गेल्या?"

"ब्लेडने खरवडल्या," रफूवाली म्हणाली. "कडा साफ केल्याशिवाय भरायचं कसं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद तिरका करून उजेडात धरला आणि तेच विचारलं जे सगळे विचारत, "पण जागा होती कुठे?" रफूवालीला हसू आवरेना. शून्य मिळाल्याचं दुःख व्हायला हवं होतं, ते तिलाही कळत होतं, पण आतून गुदगुल्या होत होत्या. बाहेर पडल्यावर मात्र नणंदबाईंनी तिला रस्त्यातच उभं केलं.

"खऱ्या परीक्षेत हे केलंत तर गेलं सगळं. तिथे तपासणारा ओळखीचा नाही. तुमचं उत्तर त्याला ढळढळीत दिसलं पाहिजे. कळलं?"

कळलं होतं. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. बावीस वर्षं ज्या हाताला न दिसायची सवय लावली, त्याला एका सकाळी दिसायला कसं सांगायचं? दिसलेली रफू म्हणजे फसलेली रफू, एवढंच त्या हाताला ठाऊक होतं.

परीक्षेच्या दिवशी नणंदबाईंनी तिची पर्स दारातच तपासली. ब्लेड काढून घेतलं, काळं पेन काढून घेतलं आणि निळं हातात दिलं. नवऱ्याने त्या दिवशी रजा टाकली होती. स्वतः बस चालवणारा माणूस बायकोशेजारी प्रवासी म्हणून बसला आणि वाटभर चालवणाऱ्याच्या चुका मोजत राहिला. त्याची धुसफुस ऐकून रफूवाली एकदा हसली.

रिकाम्या जागा समोर आल्या तशी ती शांत झाली. निळी अक्षरं तिने मोठी आणि वाकडीतिकडी काढली, जमेल तेवढी. अकराव्या वाक्यावर निळं पेन संपलं. झटकलं, फुंकलं, तळहातावर घासलं. पर्यवेक्षिकेने तिची धडपड पाहिली आणि आपल्या टेबलावरचं पेन आणून दिलं. ते काळं होतं.

दुसरं मागायचा धीर झाला नाही. ती लिहीत गेली. विसावं वाक्य आलं. 'वक्ता बोलायला उभा राहिला आणि सभागृहात अशी ______ पसरली की टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.' लगबग, नीरवता, प्रसन्नता, मरगळ. नीरवता हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. पण टाचणी पडल्याचा आवाज तिच्याएवढा ऐकलेला माणूस त्या अख्ख्या इमारतीत नसेल. इस्त्रीवाले जेवायला गेले, लाँड्रीवाला झोपला आणि बाहेर एकही गाडी नसली तरच तो ऐकू येतो. म्हणजे लगबग नाही. खूश झालेली माणसं गप्प बसत नाहीत, म्हणजे प्रसन्नता नाही. मरगळ आली तर कोणीतरी घोरणारच. राहिला तो एक. तिने तो लिहिला.

मग तिने कागद जरा लांब धरला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. अकरापासून वीसपर्यंत एकही उत्तर दिसत नव्हतं. लक्ष उत्तरांत होतं तेवढ्यात हाताने आपलं काम केलं होतं. अक्षर छापील, काळं, अगदी बेमालूम. ब्लेड नसल्यामुळे रेघा तेवढ्या राहिल्या होत्या, पण त्याही अक्षरांच्या तळाशी मिसळून गेल्या होत्या. शेवटची पाच मिनिटं उरल्याची घंटा झाली.

तिने पेन घट्ट धरलं आणि अकराव्या उत्तराभोवती एक गोल काढला. जाड आणि वाकडा. आपल्याच कामावर शाई सांडल्यासारखं वाटलं तिला, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. तिने बारावा गोल काढला, तेरावा काढला. विसाव्याला तर दोन काढले, एकात एक. मग वरच्या निळ्या दहांभोवतीही काढले, त्यांना एकटं कशाला सोडा म्हणून. कागद असा दिसत होता की लाँड्रीत आला असता तर तिने डाग म्हणून परत पाठवला असता.

निकाल लागला तेव्हा त्या प्रश्नात वीसपैकी एकोणीस होते आणि भाषेत एकूण एकोणपन्नास. घरात सगळ्यात आधी रडल्या त्या नणंदबाई. रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "तो एक कुठला चुकला?" नवऱ्याने आरशावर नवी चिठ्ठी लावली, 'उत्तीर्ण'. दाढी तो करायचा, पण चिठ्ठी बायकोसाठी होती.

शिवण केंद्रातला पहिला वर्ग सकाळचा होता. उंच खिडक्यांची खोली, लांब टेबलं, बारा मुली, प्रत्येकीसमोर पांढऱ्या कापडाचा तुकडा आणि त्यात मुद्दाम पाडलेलं भोक. केंद्राच्या बाईंनी कपाटातून पांढरा धागा काढून ठेवला होता. रफूवालीने तो तसाच राहू दिला आणि पिशवीतून लाल रिळं काढली. ज्या बाईने बावीस वर्षं परका धागा कापडाला लावला नाही, तिने टेबलावर एकेक लाल रीळ ठेवत वर्गाला फेरी घातली.

"पहिले तीन महिने लालच," ती म्हणाली. "आधी दिसू दे कुठला वरून गेला आणि कुठला खालून. लपवायचं मग शिकू. आणि भोकाकडे बघत बसू नका, कडेला बघा."

मुली माना घालून बसल्या. खोली इतकी शांत झाली की तिला तो विसावा शब्द आठवला. अर्ध्या तासाने शेवटच्या टेबलावरच्या मुलीने आपलं कापड वर धरलं. लाल धागे वेडेवाकडे, दोन ठिकाणी चुकलेले, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून मोजता येतील इतके उघडे.

"बाई, सगळं दिसतंय की हो," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

रफूवाली जागच्या जागी थांबली.

"काय म्हणालीस?"

"सगळं दिसतंय म्हटलं. चुका पण दिसताहेत."

"ते नाही. त्याच्या आधी काय म्हणालीस?"

मुलगी गोंधळली. आधी म्हणजे कुठे, ते तिला आठवेना. शेजारणीकडे बघून तिने अंदाजाने म्हटलं, "बाई?"

"दिसू दे," रफूवाली म्हणाली, आणि तिचं कापड बघायला शेवटच्या टेबलाकडे गेली.